मोतियो आणि झामर : दोन दुखण्यांच्या नावांची सरमिसळ

डोळ्यांच्या दवाखान्यातलं माहितीपत्रक गुजरातीत न्यायचं असेल तर दोन शब्द आधी पक्के करावे लागतात. आपला मोतीबिंदू म्हणजे गुजराती ‘मोतियो’ आणि आपला काचबिंदू म्हणजे ‘झामर’. मुंबईत असे मजकूर बरेचदा हिंदीवरून उतरवले जातात आणि घोळ तिथेच होतो. हिंदीत काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात. त्याचा शब्दशः ‘काळो मोतियो’ केला की गुजराती वाचणाऱ्या माणसाची समजूत होते की हाही मोतियोच, नुसता रंग वेगळा. म्हणजे ऑपरेशन केलं की निघेल आणि पुन्हा दिसू लागेल. मोतीबिंदूच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं असतं. काचबिंदूत मात्र डोळ्याची नस सुकत जाते आणि गेलेली नजर कशानेही परत येत नाही. औषधाचे थेंब, लेसर, ऑपरेशन हे सगळं उरलेली नजर टिकवण्यासाठी असतं. या गैरसमजापायी माणूस थेंब सोडून ऑपरेशनची वाट पाहत बसतो, तेवढ्यात कडेची नजर जाते.

ही सरमिसळ फार जुनी आहे. आयुर्वेदात तिमिर, काच आणि लिंगनाश या दृष्टी मंदावत जाण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. सुश्रुताने सुईसारख्या शस्त्राने करायचा जो उपचार सांगितला, तो लिंगनाशावर, म्हणजे ज्यात आजचा मोतीबिंदू येतो त्यावर. ‘काच’ त्याच्या अलीकडची पायरी. तोच शब्द मराठीने ‘काचबिंदू’ करून वेगळ्याच रोगाला दिला. युरोपातही असंच झालं. अरबी वैद्य मोतीबिंदूला ‘पाणी उतरणं’ म्हणत. अकराव्या शतकात त्या ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली आणि त्यातून ‘कॅटॅरॅक्ट’, म्हणजे धबधबा, हे नाव आलं. डोळ्यातल्या भिंगासमोर दूषित पाणी साचतं अशीच समजूत होती, आणि खुद्द भिंगाच्या रोगाला ‘ग्लॉकोमा’ म्हणत. ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरने 1705 साली मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला तेव्हा भिंगच गढूळ झालेलं निघालं. मग ‘ग्लॉकोमा’ हे नाव हळूहळू डोळ्यातल्या वाढलेल्या दाबाकडे सरकलं. 1857 साली फॉन ग्रेफे या जर्मन नेत्रतज्ज्ञाने त्यावर बुबुळाच्या पडद्याचा छेद घेण्याची शस्त्रक्रिया मांडली.

या पार्श्वभूमीवर गुजराती जास्त नेमकी वाटते. ‘मोतियो’ आणि ‘झामर’ या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला हे दोन वेगळे रोग आहेत हे लगेच कळतं. भाषांतर करताना ही सोय हातची घालवू नये.

दुसरा धोका ‘पाकवुं’ (पिकणं) या क्रियापदात आहे. ‘मोतियो पाके पछी ऑपरेशन’ असं गुजराती घरांत म्हणतात, आपल्याकडे ‘मोतीबिंदू पिकू द्या’. एके काळी हा सल्ला बरोबर होता. दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने 1747 साली भिंग बाहेर काढायला सुरुवात केली, त्या पद्धतीत कच्च्या भिंगाचा चिकट गर आत राहून डोळा सुजायचा. 1967 साली केलमन या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली आणि हिशेब उलटा झाला. भिंग जितकं टणक, तितकी जास्त ऊर्जा लागते आणि समोरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशींना तितकी जास्त इजा होते. शिवाय जास्त पिकलेलं भिंग फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं, किंवा त्यातून झिरपलेलं प्रथिन ती वाट बुजवतं. डोळा लाल होतो, ठणकतो, दाब चढतो. म्हणजे पिकवत ठेवलेल्या मोतियोनेच झामर होतो. म्हणून आजच्या पत्रकात ‘पाकवानी राह न जोवी’ (पिकण्याची वाट पाहू नये) हे स्पष्ट लिहावं.

व्याकरणाचीही काळजी हवी. कर्ता म्हणून ‘मोतियो छे’, पण प्रत्यय लागला की ‘मोतियानुं ऑपरेशन’. हिंदीच्या सवयीने ‘मोतिया छे’ लिहिलं तर एकवचनात ते चूक. आणि ‘मोतिया मरी जवा’ हा वाक्प्रचार डोळ्यांचा नाहीच, घाबरून गाळण उडणं असा त्याचा अर्थ आहे. झामरच्या पत्रकात एक ओळ ठळक हवी : ‘झामरथी गयेली नजर पाछी आवती नथी, टीपां बंध न करवां.’ टीपां म्हणजे थेंब.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की पेशंट ‘मोतियो फरी आव्यो’ म्हणतात. भिंग काढून टाकल्यावर मोतीबिंदू परत येऊ शकत नाही. कृत्रिम भिंग बसवण्यासाठी मागे ठेवलेला पातळ पडदा गढूळ झालेला असतो. गुजरातीत त्याला ‘छारी’ म्हणतात, तोच शब्द वापरावा. लेसरने त्या पडद्याला मधोमध खिडकी पाडतात, त्याला काही मिनिटंच लागतात.