टॉवेल कोणी टाकायचा? बॉक्सिंगमधल्या माघारीची पार्श्वभूमी

एखादा बॉक्सर पुढच्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही, किंवा गुडघा टेकून रेफ्रीचे दहा आकडे होईपर्यंत तसाच राहिला, की प्रेक्षक हुर्यो उडवतात. 'पळपुटा' हा शिक्का तिथल्या तिथे बसतो आणि वर्षानुवर्षं निघत नाही. हा शिक्का आला कुठून, हे कळायला उघड्या मुठींनी लढण्याच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

लंडनच्या जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये पहिले लेखी नियम केले. त्यात गुण नव्हते की ठरावीक फेऱ्या नव्हत्या. पडलेल्या लढवय्याला साथीदारांनी अर्ध्या मिनिटात मधल्या खुणेपाशी आणून उभं करायचं, नाही जमलं तर तो हरला. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला असं धरून पुन्हा मारापुढे उभं करणं या नियमात बसत होतं. १८३८ च्या नियमांनी ते बंद केलं आणि खुणेपर्यंत आपल्या पायांनीच चालत जायची अट घातली. माघारीची खूण होती ती साथीदाराने हवेत उडवलेला स्पंज. मिसिसिपीतल्या रिचबर्गला ८ जुलै १८८९ रोजी भर उन्हात जेक किलरेन दोन तासांहून अधिक वेळ जॉन एल. सुलिव्हनचा मार खात होता. ७५ फेऱ्या झाल्यावर त्याच्या साथीदाराने स्पंज फेकला, कारण हा आता मरेल अशी त्याला भीती वाटली. उघड्या मुठींची ती शेवटची हेवीवेट विजेतेपदाची लढत.

त्याआधीच, १८६७ मध्ये, क्वीन्सबेरी नियम आले होते. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, पडल्यावर दहा सेकंद. पुढे फेऱ्यांची संख्या ठरली, गुणांवर निकाल लागू लागला, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. जुन्या काळी उभा असलेला माणूस हरलेला नसायचा. गुण आल्यावर मात्र आठव्या फेरीतच 'हा आता हरणार' हे सगळ्यांना दिसू लागलं. तरीही शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहणं हा वेगळा मान ठरला. हरत असलेली लढत रेटत नेण्याचं कौतुक या व्यवस्थेत वाढलं.

त्या कौतुकाची दुसरी बाजू २५ नोव्हेंबर १९८० ला न्यू ऑर्लिन्समध्ये दिसली. पाचच महिन्यांपूर्वी शुगर रे लेनर्डला हरवणाऱ्या रोबेर्तो दुरानने आठव्या फेरीत हात झटकले आणि पाठ फिरवली. 'नो मास', म्हणजे 'आता पुरे', हे शब्द त्याला कायमचे चिकटले. आपण ते उच्चारलेच नाहीत असं तो नंतर सांगत राहिला, पण ऐकतो कोण? दुखापत खरी असली तरी सुटका नसते. २००० मध्ये बर्लिनला विताली क्लिच्को ख्रिस बर्डविरुद्ध गुणांवर पुढे होता. खांद्याचा स्नायू फाटला म्हणून नवव्या फेरीनंतर तो थांबला, तरी भित्रा ठरला.

आता १९९५ च्या २५ फेब्रुवारीची लंडनमधली लढत पाहा. लढत राहावं की माघार घ्यावी, या वादातल्या दोन्ही बाजू त्या एका रात्रीत आहेत. पहिल्याच फेरीत जेराल्ड मॅक्लेलनने नायजेल बेनला दोरांमधून रिंगबाहेर पाडलं. बेन परत आत चढला, आठव्या फेरीत पुन्हा पडला, पुन्हा उठला आणि शेवटी जिंकला. चिवटपणाचं याहून मोठं उदाहरण क्वचितच सापडेल. पण दुसऱ्या बाजूला मॅक्लेलनच्या डोळ्यांची उघडझाप वाढत चालली होती. दहाव्या फेरीत त्याने गुडघा टेकला, उठला, पुन्हा टेकला आणि आकडे मोजून होईपर्यंत तसाच राहिला. त्याने लढत सोडून दिली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. तो चालत आपल्या कोपऱ्यात गेला, खाली बसला आणि कोसळला. त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. शस्त्रक्रियेने जीव वाचला, दृष्टी गेली. ज्याला माघार म्हणून नावं ठेवली गेली, तो खरं तर मरणाच्या दारातला माणूस होता.

म्हणूनच 'ठरवू दे की त्याचं त्यालाच' हे म्हणणं मला पटत नाही. ठोसा बसल्यावर मेंदू कवटीत हलतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा तुटतात, रक्त हळूहळू साचत जातं. माणूस उभा असतो, बोलतो, मान हलवतो. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, मार त्यालाच बसलेला असतो.

मग निर्णय कोणाचा? मनिलात १ ऑक्टोबर १९७५ ला मुहम्मद अलीविरुद्धच्या लढतीत चौदा फेऱ्यांनंतर प्रशिक्षक एडी फचने जो फ्रेझरला उठू दिलं नाही. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला होता आणि डाव्याने त्याला मुळातच कमी दिसायचं. समोरून येणारा अलीचा ठोसा त्याला दिसतच नव्हता. फ्रेझर विरोध करत राहिला, फच बधला नाही. असं धाडस सगळ्यांना जमलं नाही. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला बेनी पॅरेट दोरांना टेकलेला असताना एमिल ग्रिफिथचे ठोसे बसत राहिले आणि रेफ्रीला मध्ये पडायला उशीर झाला. १९८२ मध्ये लास व्हेगासला किम दुक-कू चौदाव्या फेरीपर्यंत लढला. दोघेही काही दिवसांनी वारले. किमच्या मृत्यूनंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आणल्या, पुढे इतर संघटनांनीही तेच केलं.

थांबवणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा रागच येतो. २०१९ मध्ये मक्सिम दादाशेव नको म्हणत असतानाही प्रशिक्षक बडी मॅकगर्ट यांनी अकराव्या फेरीनंतर लढत थांबवली. तोवर उशीर झाला होता, चार दिवसांनी दादाशेव गेला. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा टायसन फ्युरीविरुद्ध प्रशिक्षक मार्क ब्रीलंडने डिऑन्टे वाइल्डरसाठी माघारीची खूण म्हणून टॉवेल टाकला. वाइल्डरने त्यालाच काढून टाकलं.

लढत राहणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. २००५ मध्ये दिएगो कोरालेस दहाव्या फेरीत दोनदा पडला आणि त्याच फेरीत त्याने होसे लुइस कास्तियोला हरवलं. अशा रात्रींच्या आठवणीवरच हा खेळ जगतो, हे मान्य आहे. पण कोरालेस उठला तेव्हा त्याच्या हातात उलट मारायची ताकद होती. कोपऱ्यातल्या माणसाने तेवढंच पाहायचं असतं.

डॅनियल दुब्वाने नोव्हेंबर २०२० मध्ये जो जॉयसविरुद्ध दहाव्या फेरीत गुडघा टेकला. डाव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं. माजी बॉक्सरांनीही त्याला बोल लावले. सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्बली स्टेडियममध्ये त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत गारद केलं. त्याचे दोन्ही डोळे तेव्हा शाबूत होते.