१९२ ने सुरू होतो म्हणून तो ‘क्लास सी’ नव्हे

‘१९२.१६८.१.५ हा आयपी अ‍ॅड्रेस कोणत्या क्लासचा?’ हा प्रश्न आजही परीक्षेत येतो, मुलाखतीत येतो आणि ‘क्लास सी’ म्हटलं की उत्तर बरोबर धरलं जातं. इंटरनेटने ही क्लासची पद्धत १९९३ मध्येच मोडीत काढली. इतिहास म्हणून ती जरूर शिकवावी. पण जाळं आजही असंच चालतं या समजुतीने विद्यार्थी बाहेर पडतात आणि कामावर १०.४५.६४.०/२० असं काही समोर आलं की अडखळतात. १० म्हणजे क्लास ए, मग मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.०.०.० हवा, हे २० कुठून आलं?

मुळापासून पाहू. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता म्हणजे सलग ३२ बिट. टिंबांनी तोडलेले चार आकडे केवळ आपल्या सोयीसाठी आहेत. या ३२ पैकी डावीकडचे काही बिट नेटवर्क कोणतं ते सांगतात, उरलेले त्यातलं यंत्र कोणतं ते. यंत्राला इथे होस्ट म्हणतात. सगळा वाद एवढाच, की या दोन भागांमधली रेघ मारायची कुठे?

१९८१ च्या मानकाने याचं उत्तर पत्त्याच्या पोटातच ठेवलं होतं. पहिला बिट ० असेल तर रेघ ८ बिटांनंतर, हा क्लास ए. पहिले दोन बिट १ आणि ० असतील तर १६ नंतर, क्लास बी. पहिले तीन बिट १, १ आणि ० असतील तर २४ नंतर, क्लास सी. राउटरने, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात माहिती पोचवणाऱ्या यंत्राने, पहिले दोन-तीन बिट पाहिले की काम झालं, सोबत आणखी काही पाठवायची गरज नाही. त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीचा विचार केला तर ही रचना फार देखणी होती.

घोडं अडलं ते मापांपाशी. क्लास सी मध्ये २५४ होस्ट मावतात, बी मध्ये ६५,५३४ आणि ए मध्ये १,६७,७७,२१४. अधलंमधलं काही नाही. तीनशे संगणकांच्या संस्थेला सी अपुरा पडायचा, म्हणून ती बी घ्यायची आणि पासष्ट हजार पत्ते धूळ खात पडायचे. बी होते अवघे १६,३८४. ए क्लासमध्ये तर एकूण पत्त्यांपैकी निम्मे अडकलेले. एमआयटी या एका विद्यापीठाकडे १८ ने सुरू होणारे सगळे पत्ते होते! बरं, बी ऐवजी दोन-चार सी द्यावेत, तर कोणत्या नेटवर्कला कोणत्या वाटेने जायचं हे सांगणाऱ्या, जगभरातल्या राउटरांच्या तक्त्यात प्रत्येक सी ची वेगळी नोंद करावी लागणार. सी होते वीस लाखांच्या वर. पत्ते वाचवायला जावं तर तक्ते फुगणार. १९८५ मध्ये सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे आतल्या आत तुकडे पाडण्याची सोय, आली, पण त्याने संस्थेच्या आतली वाटणी सुधारली. बाहेरच्या जगाला क्लासच दिसत राहिला.

सप्टेंबर १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजेच क्लासविरहित पद्धत आली. तिने रेघ पत्त्याच्या पोटातून बाहेर काढली आणि पत्त्याशेजारी वेगळी लिहिली. स्लॅशनंतरचा आकडा म्हणजे तीच रेघ. /२० म्हणजे पहिले वीस बिट नेटवर्कचे, उरलेले बारा होस्टचे.

हे प्रत्यक्ष करून पाहण्यात खरी मजा आहे. १०.४५.७७.२०० हे यंत्र /२० असेल तर कोणत्या नेटवर्कात? /२० चा मास्क म्हणजे वीस एक आणि बारा शून्य, म्हणजे २५५.२५५.२४०.०. आता पत्ता आणि मास्क यांची बिटागणिक ‘अँड’ क्रिया करायची. दोन्हीकडे १ असेल तरच १, नाहीतर ०. पहिले दोन आकडे तसेच राहतात, शेवटचा शून्य होतो. प्रश्न फक्त तिसऱ्याचा. ७७ म्हणजे ०१००११०१ आणि २४० म्हणजे ११११००००. अँड केल्यावर ०१००००००, म्हणजे ६४. नेटवर्क मिळालं: १०.४५.६४.०. त्याची हद्द १०.४५.७९.२५५ पर्यंत, एकूण ४,०९६ पत्ते. पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्या होस्टना एकदम पाठवण्याचा) वगळला तर ४,०९४ होस्ट. पहिल्या आकड्यातल्या १० ने या हिशेबात कसलाही हुकूम सोडला नाही.

पण रेघ मोकळी झाली की एकच पत्ता तक्त्यातल्या अनेक ओळींशी जुळू शकतो. समजा राउटरकडे तीन ओळी आहेत: ०.०.०.०/०, १०.४५.०.०/१६ आणि १०.४५.६४.०/२०. १०.४५.७७.२०० साठी पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, आलं तर तिन्ही जुळतात. मग कोणाचं ऐकायचं? नियम असा, की सर्वांत लांब प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा नेटवर्कचा भाग, जिंकतो. इथे /२०. १०.४५.९०.३ साठी पॅकेट आलं तर ९० आणि २४० चा अँड ८० येतो, ६४ नाही, म्हणून /२० बाद आणि /१६ ची वाट. कशाशीच जुळलं नाही तर /०, कारण त्याच्या मास्कमध्ये सगळी शून्यं आहेत आणि त्याला कोणताही पत्ता चालतो. मोठ्या राउटरांत टीकॅम नावाची मेमरी असते. तिच्या प्रत्येक घरात ०, १ किंवा ‘काहीही चालेल’ अशी तिसरी अवस्था साठवता येते, त्यामुळे तक्त्याच्या सगळ्या ओळी एकाच फटक्यात ताडून होतात.

याच युक्तीने तक्तेही आटोक्यात आले. १९२.१६८.८.० पासून १९२.१६८.१५.० पर्यंतचे /२४ चे आठ गट १९२.१६८.८.०/२१ या एका ओळीत बसतात, कारण ८ ते १५ या आकड्यांचे पहिले पाच बिट सारखेच, ००००१. ९ ते १६ हेही आठच, पण ते एका ओळीत बसत नाहीत: १६ चे पहिले पाच बिट ०००१० होतात. मात्र मार्गाबरोबर रेघही कळवावी लागते. राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या रिप या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत मास्क पाठवायची सोयच नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत ती आली, बीजीपी या अशाच दुसऱ्या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीतही आली.

जाता जाता एक सांगायलाच हवं. ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळाला की माणसाचं घर सापडतं’ असे दावे मालिकांत आणि फॉरवर्डमध्ये सर्रास दिसतात. प्रीफिक्सवरून कळतं ते इतकंच, की हा पत्त्यांचा गट कोणत्या सेवादात्याचा किंवा संस्थेचा आहे. त्यापुढचं सेवादात्याच्या नोंदींशिवाय खात्रीने कळत नाही, आणि नॅटमुळे (अनेक यंत्रांनी एकच बाहेरचा पत्ता वाटून वापरण्याच्या सोयीमुळे) एका पत्त्यामागे अनेक घरं असू शकतात.

३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच /८ गट वाटले गेले. तिथवर पोचलो ते सीआयडीआर आणि नॅटच्या जोरावर. जुन्या वर्गवारीतला क्लास डी मात्र मल्टिकास्टसाठी, म्हणजे एकच माहिती अनेकांना एकदम पाठवण्यासाठी, अजून वापरात आहे. आणि क्लास ई, म्हणजे २४० पासून पुढचे पत्ते, १९८० च्या दशकात ‘पुढे बघू’ म्हणून राखून ठेवले ते अजून तसेच आहेत. सुमारे २६.८ कोटी पत्ते, पण असंख्य यंत्रांतलं सॉफ्टवेअर त्यांना अवैध समजून पॅकेट टाकून देतं, त्यामुळे टंचाईतही ते वाटता आले नाहीत.