कन्व्हेयन्सिंग पॅनेल

इंग्लंड व वेल्समध्ये घरासाठी कर्ज देणाऱ्या बँका आणि बिल्डिंग सोसायट्या (सभासदांच्या मालकीच्या कर्जसंस्था) आपले कायदेशीर काम ज्या वकिली फर्मकडे सोपवायला तयार असतात, त्या मान्यताप्राप्त फर्मच्या यादीला कन्व्हेयन्सिंग पॅनेल म्हणतात. कन्व्हेयन्सिंग म्हणजे स्थावर मालमत्तेची मालकी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करण्याचे काम. ते सॉलिसिटर करतात, तसेच १९८५ च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस अ‍ॅक्टमुळे परवाना मिळू लागलेले लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही करतात. स्कॉटलंडचा मालमत्ता कायदा वेगळा आहे, त्यामुळे तिथली पद्धत या नोंदीत घेतलेली नाही.

महाराष्ट्रात गृहकर्ज काढलेल्यांना बँकेचा पॅनेलवरचा वकील माहीत असतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, इंडेक्स टू, जुनी खरेदीखते पाहून तो बहुधा तीस वर्षांचा सर्च घेतो आणि टायटल रिपोर्ट बँकेला देतो. त्याची फी कर्जदाराच्या खिशातून जाते, पण त्याचा अशील असते बँक. इंग्लंडमधली रचना इथेच वेगळी पडते. तिथे घर घेणारा आपला सॉलिसिटर स्वतः निवडतो, आणि नेहमीच्या व्यवहारात तोच सॉलिसिटर कर्ज देणाऱ्या बँकेचेही काम पाहतो. एका फाइलवर दोन अशील असतात आणि दोघांविषयीची जबाबदारी पूर्ण असते. पॅनेलचे सगळे नियम, वाद आणि न्यायालयीन निकाल या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

दोघांसाठी एकच वकील चालतो, कारण साध्या घरखरेदीत दोघांनाही निर्वेध मालकी हवी असते. खरेदीदाराला राहण्यासाठी, बँकेला तारण म्हणून. एकाच कागदपत्रांची तपासणी दोन वकिलांनी करायची आणि दोघांची फी खरेदीदाराने भरायची, हे त्यामुळे टळते. पण वकील खरेदीदाराने निवडलेला असल्याने बँकेला तो कोण, कसा, हे ठाऊक नसते. आणि व्यवहाराच्या दिवशी कर्जाची संपूर्ण रक्कम त्याच्याच क्लायंट अकाउंटमध्ये, म्हणजे अशिलांचे पैसे ठेवण्याच्या खात्यात, जमा होते. म्हणून बँक आधीच चाळणी लावते. व्यावसायिक विमा किती आहे, फर्ममध्ये भागीदार किती, वर्षाला किती व्यवहार होतात, नियामकाने कधी कारवाई केली आहे का, हे ती पाहते. काही बँका एकट्याने वकिली करणाऱ्यांना घेतच नाहीत. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेने २०११ मध्ये सुरू केलेल्या कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमचे सदस्यत्व ही सॉलिसिटर फर्मसाठी अनेक बँकांची अट आहे. ही सगळी माहिती प्रत्येक बँकेला वेगवेगळी पुरवण्याचा त्रास कमी व्हावा म्हणून लेंडर एक्स्चेंजसारखी सामायिक ऑनलाइन व्यवस्था उभी राहिली.

पॅनेलवर आल्यावर फर्मला बांधून ठेवते ते मॉर्गेज लेंडर्स हँडबुक, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या वकिलांसाठीच्या सूचनांची पुस्तिका. कौन्सिल ऑफ मॉर्गेज लेंडर्सने ते १९९९ मध्ये आणले. २०१७ मध्ये ही संस्था यूके फायनान्समध्ये विलीन झाल्यापासून ते तिच्या नावाने चालते. पहिला भाग सर्वांना समान असतो. दुसऱ्या भागात त्यातल्या मुद्द्यांवर प्रत्येक बँक आपापली उत्तरे देते, आणि रोजच्या कामातली खरी डोकेदुखी तिथे असते. लीजहोल्ड फ्लॅटच्या भाडेपट्ट्याची किमान किती वर्षे शिल्लक हवीत, याचे उत्तर बँकेगणिक बदलते. उंच इमारतींच्या बाह्य आवरणाच्या सुरक्षिततेविषयी २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट आल्यानंतर कोणती प्रमाणपत्रे मागायची, यातही एकवाक्यता नाही. शिवाय ही उत्तरे अधूनमधून बदलतात. त्यामुळे गेल्या महिन्यात याच बँकेचे काम केले म्हणून या महिन्यात स्मरणावर विसंबून चालत नाही. प्रत्येक फाइलला दुसरा भाग नव्याने उघडावा लागतो.

हँडबुकमधला एक नियम जवळून पाहण्यासारखा आहे. विकणाऱ्याच्या नावावर मालमत्ता सहा महिन्यांपेक्षा कमी काळ असेल, तर सॉलिसिटरने ते बँकेला कळवायचे. यामागचे भय काल्पनिक नाही. मॉर्गेज एक्सप्रेस विरुद्ध बोअरमन या खटल्यात (१९९६) एक फ्लॅट २,२०,००० पौंडांना विकत घेतला जात होता, आणि विकणारा स्वतः तोच फ्लॅट त्याच सुमारास १,५०,००० पौंडांना घेत होता. हे सॉलिसिटरला कळले होते, पण तिने ते बँकेला सांगितले नाही. मालकीहक्कात दोष नसला, तरी तारणाच्या किमतीविषयी बँकेच्या मनात खरोखर शंका निर्माण करील अशी माहिती हाती आल्यावर ती कळवणे हे वकिलाचे कर्तव्य होते, असे अपील न्यायालयाने ठरवले. निकाल योग्यच म्हणावा लागेल. फाइल वाचणारी एकच व्यक्ती असताना दुसऱ्या अशिलाला अंधारात ठेवण्याची मुभा दिली, तर एकाच वकिलाची पद्धत टिकूच शकत नाही.

उलट बाजूचा पेच याहून अवघड आहे. खरेदीदाराने सांगितलेली एखादी गोष्ट बँकेला कळवायला हवी, पण खरेदीदार परवानगी देत नाही, अशा वेळी काय करायचे? गोपनीयता खरेदीदाराचा हक्क आहे, म्हणून वकील ती गोष्ट बँकेपुढे उघड करू शकत नाही. आणि गप्प राहून बँकेचे कामही पुढे नेऊ शकत नाही. हितसंबंधांचा संघर्ष निर्माण झाल्याने आपण काम सोडत आहोत, एवढेच लिहून तो बँकेचे कागद परत करतो. कारण सांगत नाही. बँकेला तेवढा इशारा पुरतो.

सारे सुरळीत असले, तर सॉलिसिटर बँकेला 'सर्टिफिकेट ऑफ टायटल' पाठवतो. मालकी निर्वेध असून तारणास योग्य आहे आणि सूचनांचे पालन झाले आहे, अशी ही हमी असते. तिच्या आधारावर कर्जाची रक्कम येते. ही रक्कम वकिलाकडे विश्वस्त म्हणून असते. बँकेच्या अटी पूर्ण झाल्याशिवाय तो ती हलवू शकत नाही. ताबा मिळाल्यावर इंग्लंडमध्ये १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्सचे विवरण भरायचे आणि एचएम लँड रजिस्ट्रीत मालकी व बँकेचा बोजा नोंदवायचा, हेही त्याचेच काम.

इथे चूक झाली की किती महागात पडते, हे एआयबी (बँक) विरुद्ध मार्क रेडलर (वकिली फर्म) या खटल्यात दिसले. बँकेने ३३ लाख पौंडांचे कर्ज दिले होते आणि बार्कलेज बँकेचा जुना बोजा पूर्ण फेडून आपला बोजा पहिल्या क्रमांकावर यावा, अशी तिची अट होती. फर्मने बार्कलेजला सुमारे तीन लाख पौंड कमी भरले. पुढे कर्ज बुडाले आणि घर विकून फारच थोडे हाती आले, तेव्हा बँकेने जवळजवळ सगळा तोटा फर्मकडून मागितला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई फर्मच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ठेवली, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास. पैसा विश्वस्त म्हणून हातात घेणाऱ्या प्रत्येक फर्मला या निकालाने मोठा दिलासा दिला.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर बँकांनी पॅनेल आखडती घेतली. जानेवारी २०१२ मध्ये एचएसबीसीने आपले पॅनेल अवघ्या ४३ फर्मवर आणले, तेव्हा लॉ सोसायटीने तीव्र विरोध केला. पुढे बँकेने ते पुन्हा रुंदावले. फसवणुकीची बँकांची भीती खरी आहे. तरीही वर्षाला मोजके व्यवहार नीट करणाऱ्या गावातल्या छोट्या फर्मला केवळ संख्या कमी म्हणून वगळणे अन्यायाचे आहे, कारण त्याची झळ तिच्या जुन्या अशिलांनाही बसते. खरेदीदाराचा वकील पॅनेलवर नसेल, तर त्याला वकील तरी बदलावा लागतो किंवा बँक आपला स्वतंत्र वकील नेमते. त्या वकिलाची फी सहसा खरेदीदारच भरतो, आणि दोन कार्यालयांत पत्रे फिरण्यात वेळ जातो. कर्जाचा अर्ज करण्याआधी वकिलाला बँकेचे नाव सांगून विचारले, तर हे टळते.

ब्रिटनमध्ये पहिले घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना या पद्धतीची ओळख बऱ्याचदा डिपॉझिटच्या, म्हणजे कर्जाव्यतिरिक्त खरेदीदाराने भरायच्या, पैशावरून होते. पुण्या-ठाण्याहून आईवडील रक्कम पाठवतात; रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका व्यक्तीला वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. भारतातल्या बँकेची औपचारिकता संपली की काम झाले, असे घरच्यांना वाटते. सॉलिसिटर मात्र वडिलांची ओळखपत्रे, बँकेचे उतारे, आणि हा पैसा मुदत ठेव मोडून आला की जमीन विकून, याचे कागद मागतो. घरात आपला हक्क राहणार नाही व पैसे परत मागणार नाही, असे वडिलांचे पत्रही लागते. खरेदीदार उरलेली रक्कम स्वतःच्या पैशातून भरत नसेल, तर ते बँकेला कळवणे हँडबुकनुसार बंधनकारक आहे. मुलाचाच वकील आपल्याकडे संशयाने पाहतो, असे वाटून आईवडील दुखावतात. तो हे प्रश्न बँकेचाही वकील म्हणून विचारत असतो, आणि मनी लाँडरिंगविरोधी कायद्याप्रमाणे पैशाचा उगम तपासणे त्याला भागच असते. हे कागद घर घेण्याची ऑफर स्वीकारली जाण्याआधीच जमवून ठेवले, तर कित्येक आठवडे वाचतात.