शुश्रूषा केंद्र म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

‘आईला सेंटरमध्ये टाकलं म्हणे.’ सोलापुरात हे अजून दबक्या आवाजातच बोललं जातं. टाकलं! या शब्दामागे जुना समज आहे, की तिथे गेलेलं माणूस परत येत नाही. तो खरा नाही. खुब्याचं हाड मोडलं किंवा अर्धांगवायू झाला, की कित्येकजण फिजिओथेरपी, जखमेचं ड्रेसिंग यासाठी काही आठवडे तिथे राहतात आणि सावरून घरी येतात. अर्धांगवायूनंतरचे पहिले 3 महिने तर सुधारणेसाठी फार मोलाचे.

‘पडून राहू दे, आराम मिळेल’ हेही चूकच. एकाच स्थितीत पडून राहिलं की माकडहाडावर, टाचांवर कातडी लाल होते, मग जखमा. साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते. म्हणून भेटायला गेलात की चादर बाजूला करून टाचा बघा. रात्री ड्युटीवर कोण असतं, विचारा. शक्यतो जेवणाच्या वेळी जा. गिळायला त्रास नसेल, तर दुधात कुस्करलेली भाकरी घरच्या हातून दोन घास जास्तच जाते. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे! उतारवयात तहान कमी जाणवते, म्हणून तांब्या उशाशी ठेवून भागत नाही. आठवणीने घोट-घोट पाजावं लागतं.