गारेगार चाटून काडी फेकणारे जंतू

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची किडनी बदलून चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात त्यांना तीन-चार दिवस जुलाब लागले. घरच्यांना वाटलं, गोळ्या पोटात ठरतच नाहीत, म्हणजे औषध कमी पडत असणार. एखादी जादा द्यावी का? नशिबाने आधी रक्त तपासून 'टॅक्रो लेव्हल', म्हणजे त्यांच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी, बघितली. ती जवळपास दुप्पट निघाली! मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून काकांनी मलाच धरलं. वाहून जायचं ते औषध वाढलं कसं?

टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध. ते कमी पडलं तर शरीर परकी किडनी नाकारतं, जास्त झालं तर त्याच किडनीला इजा होते. तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी सरासरी पाव हिस्साच रक्तात पोहोचतो. बाकीचं बरंचसं आतड्याच्या भिंतीतच अडतं. तिथे औषध मोडणारी विकरं (एन्झाइम) असतात आणि आत आलेलं औषध परत आतड्यात ढकलणारे प्रथिनांचे पंपही असतात. जुलाबात हे पहारेकरीच आजारी पडतात, आणि एरवी अडलं असतं ते औषध आत शिरतं. ग्रेपफ्रूट आणि त्याचं नातलग पपनस या रुग्णांना वर्ज्य असतं तेही याच विकरांमुळे. गणपतीत माटोळीला टांगलेलं पपनस बघायला हरकत नाही, खायचं मात्र नाही.

काकांचं समाधान एवढ्यावर झालं. माझं झालं नाही, कारण भिंतीच्या अलीकडे, आतड्याच्या पोकळीत, आणखी एक मंडळी बसलेली असते.

2015 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी किडनी बदललेल्या 19 रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू तपासले. त्यातल्या पाच जणांना टॅक्रोलिमसची मात्रा बरीच वाढवावी लागली होती. या पाच जणांच्या आतड्यात फिकॅलिबॅक्टेरियम प्राउझनिट्झी हा जिवाणू इतरांपेक्षा पुष्कळ जास्त सापडला. एवढ्यावरून त्याला दोषी ठरवता येत नाही, पण 2019 मध्ये प्रयोगशाळेतही दिसलं की हा जिवाणू टॅक्रोलिमसचं रूप बदलतो आणि बदललेला रेणू सुमारे पंधरापट दुबळा असतो. गंमत म्हणजे हा जिवाणू 'चांगल्या' जंतूंच्या यादीत अगदी वर असतो. आतड्याच्या पेशींना लागणारं ब्युटिरेट तो बनवतो, दाह कमी ठेवतो. म्हणजे आतड्याचा मित्र, पण गोळीचा शत्रू.

आता माझ्या आवडत्या औषधाकडे येतो. टॅक्रोलिमसच्या जोडीला बहुतेकांना मायकोफिनोलेट दिलं जातं. पोटात गेल्यावर त्याचं मायकोफिनोलिक आम्ल होतं. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना वाढताना डीएनएसाठी ग्वानिन हा त्याचा घटक नवा बनवावा लागतो. इतर पेशी जुनं ग्वानिन परत वापरून बरंचसं भागवू शकतात, लिम्फोसाइटना ते फारसं जमत नाही. हे आम्ल ग्वानिनचा तो नवा पुरवठाच तोडतं.

काम झाल्यावर यकृत त्याला बाहेर काढायच्या तयारीला लागतं. हे आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल चिकटवतं. हा ग्लुकोजचाच एक भाऊबंद. अशी साखर चिकटली की रेणू पाण्यात सहज विरघळतो, त्याचा औषधी गुण जातो आणि आतड्याच्या स्निग्ध पटलातून तो पार होऊ शकत नाही. यातला बराचसा माल लघवीतून जातो, उरलेला पित्ताबरोबर लहान आतड्यात उतरतो. तिथून शोषला न जाता तो पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पोहोचतो. यकृताच्या हिशेबात माल भंगारात निघाला.

पण मोठ्या आतड्यातल्या अनेक जिवाणूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाची कात्री असते. त्यांना औषधाशी काही देणंघेणं नाही, त्यांना ती साखर हवी असते. गारेगार चाटून संपवायचं आणि काडी फेकून द्यायची, तसं ते साखर कापून घेतात आणि उरलेली काडी सोडून देतात. ती काडी म्हणजे पुन्हा जिवंत झालेलं मायकोफिनोलिक आम्ल! साखर गेल्यामुळे ते आता भिंतीतून आत जाऊ शकतं. तिथून यकृतात, मग रक्तात, आणि फेरा पुन्हा सुरू. गोळी घेतल्यावर 6 ते 12 तासांनी रक्तातल्या औषधाचा आलेख दुसऱ्यांदा वर चढतो तो यामुळे. शरीराला एकूण मिळणाऱ्या औषधापैकी 10 ते 60 टक्के या परतीच्या वाटेने येतं, आणि माणसामाणसात हा वाटा इतका वेगळा असतो.

यावरून पुढचं ताडता येईल. सर्दी-खोकल्यासाठी म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे अँटिबायोटिक घेतलं, कात्रीवाले जिवाणू मेले, की काही दिवसांतच पुढच्या गोळीच्या आधीची मायकोफिनोलेटची पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. गोळ्या तेवढ्याच, वेळाही त्याच. उलट उदाहरण सायक्लोस्पोरिनचं, तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच औषध. ते यकृतातून पित्तात माल सोडणारं दारच अडवतं. सायक्लोस्पोरिन बंद करून टॅक्रोलिमस सुरू केलं की दार उघडतं, आणि मायकोफिनोलेटची मात्रा न बदलता पातळी चढते.

'पोटातले जंतू वाढवा, इम्युनिटी वाढवा' असं छापलेली पाकिटं मेडिकलच्या काउंटरवर पाहिली की म्हणून माझं डोकं फिरतं. ज्याची प्रतिकारशक्ती डॉक्टर जाणूनबुजून दाबून ठेवतायत, त्याने ती 'बूस्ट' करायची? अशा रुग्णांत प्रोबायोटिकमधले जिवंत जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्गही करतात. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हा युक्तिवादही इथे लंगडा आहे, कारण ही औषधं स्वतःच नैसर्गिक आहेत. टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. मायकोफिनोलिक आम्ल तर 1893 मध्ये इटलीच्या बार्तोलोमेओ गोझिओने सडक्या मक्यावरच्या बुरशीतून वेगळं काढलं, पेनिसिलिनच्या पस्तीस वर्षं आधी. काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जिवाणूंची वाढ त्याने थांबते हेही त्याने पाहिलं होतं. जिवाणूंना रोखणारं म्हणून सापडलेलं रसायन शंभर वर्षांनी, 1995 मध्ये, अमेरिकेत किडनी रुग्णांसाठी मंजूर झालं आणि जिवाणूंच्याच मेहेरबानीवर येऊन बसलं.

ती मेहेरबानी फुकट नाही. मायकोफिनोलेटचा सगळ्यात कुप्रसिद्ध त्रास जुलाबांचाच. मोठ्या आतड्यात सुटलेलं आम्ल तिथल्या अस्तरालाही झोंबतं. जन्मापासून जंतुविरहित ठेवलेल्या उंदरांना हे औषध दिलं तर आतड्याची ही इजा होत नाही. साध्या उंदरांना व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन कात्रीवाले जिवाणू हटवले, तरी त्रास टळतो.

मग जिवाणू न मारता नुसती कात्री बोथट करता येईल का? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये असे रेणू शोधले. इरिनोटेकान या कॅन्सरच्या औषधामुळेही याच कात्रीपायी जुलाब होतात, आणि उंदरांमध्ये ते या रेणूंनी आटोक्यात आले. इरिनोटेकानच्या बाबतीत कात्री थांबवणं सरळ फायद्याचं, कारण तिथे आतड्यात सुटलेलं औषध नकोच असतं. मायकोफिनोलेटचं तसं नाही. कात्री थांबली तर पोट शांत होईल, पण परतीच्या वाटेने येणारं औषधही थांबेल, आणि ज्याच्यात तो वाटा 60 टक्के आहे त्याची मात्रा नव्याने बसवावी लागेल.

काका हे सगळं ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे दाताच्या डॉक्टरने अँटिबायोटिक लिहून दिलं, तर आधी किडनीच्या डॉक्टरला फोन करायचा ना?"

हो, आधी फोन.