ऑनलाइन अभ्यासक्रम-पत्रकाची मांडणी आम्ही अशी का करतो

सप्रेम नमस्कार.

अभ्यासक्रमाचे पत्रक वेबसाइटवर चढवण्यासाठी आपण आमच्याकडे बहुधा वर्डची फाइल पाठवता. तीत विभागांची नावे मोठ्या, ठळक अक्षरांत असतात आणि डोळ्यांना तेवढे पुरते. ब्राउझरच्या लेखी मात्र ती केवळ ठळक ओळ असते. ते शीर्षक आहे, हे त्याला एचटीएमएलच्या (वेबपानाची रचना सांगणाऱ्या भाषेच्या) शीर्षक-टॅगवरूनच, म्हणजे खुणेवरूनच, कळते. म्हणून अभ्यासक्रमाच्या नावाला आम्ही 'एच१', 'वेळापत्रक', 'मूल्यमापन', 'संदर्भग्रंथ' या विभागांना 'एच२' आणि त्यांखालील घटकांना 'एच३' देतो, आणि मधली पायरी गाळत नाही.

पत्रक कोणी सलग वाचत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला फक्त गुणविभागणी हवी असते. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीनरीडर वापरणारा दृष्टिहीन विद्यार्थी 'एच' ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. शीर्षके नुसती ठळक केलेली असतील, तर ती कळ निरुपयोगी ठरते आणि त्याला पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते.

गुणांच्या तक्त्याबाबत आम्ही विशेष आग्रही आहोत. तक्त्याचा फोटो आला, तर तो तसाच न लावता आम्ही तक्ता नव्याने टाइप करतो, त्याला 'कॅप्शन' (तक्त्याचे नाव) देतो आणि पहिली ओळ व पहिला स्तंभ यांतील चौकटी 'टीएच' या शीर्षक-चौकटीच्या टॅगमध्ये, ते शीर्षक ओळीचे की स्तंभाचे हे सांगणाऱ्या 'स्कोप'सह लिहितो. त्यामुळे 'प्रकल्प'च्या ओळीत उजवीकडे सरकताना नुसते '२०' ऐकू न येता 'कमाल गुण, २०' असे ऐकू येते. पानाची भाषा 'लँग' या गुणधर्मात 'एमआर' (मराठीचा संकेत) अशी नोंदवणेही तितकेच आवश्यक आहे, कारण ती नोंद नसल्यास मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जाण्याची शक्यता असते.

दिसण्याचे सगळे काम आम्ही सीएसएसवर, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेवर, सोपवतो. देवनागरीत अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटू शकते, म्हणून शीर्षकांनाही ते वाढवत नाही. वेलांट्या-रफार एकमेकांत अडकू नयेत यासाठी ओळींमधले अंतर मात्र सैल ठेवतो. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, हा वेबपाने अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांतील निकष आम्ही पाळतो. अंतिम तारीख केवळ लाल रंगात न दाखवता तिच्याआधी 'अंतिम तारीख' असे शब्दही लिहितो. छपाईसाठी वेगळे नियम असतात. त्यांमुळे कागदावर मेनू उमटत नाही आणि तक्त्याची ओळ दोन पानांत विभागली जात नाही.

आपणांस विनंती एवढीच, की फाइल युनिकोडमध्ये आणि वर्डमधील शीर्षक-शैली वापरून पाठवावी. पान सुपूर्द करण्यापूर्वी आम्ही सीएसएस बंद करून ते वरपासून खालपर्यंत वाचतो, आणि तशा उघड्या पानात कोठे क्रम लागला नाही, तर दुरुस्ती एचटीएमएलमध्येच करतो.