प्रत्येक नाझी अधिकाऱ्याकडे ल्युगरच होतं?

युद्धपटांत जर्मन अधिकारी दिसला की त्याच्या कमरेला ल्युगर पिस्तूल ठरलेलंच. तिरपी मूठ, बारीक नळी, गोळी सुटताच गुडघ्यासारखा वर दुमडणारा सांधा. कॅमेऱ्याला आणखी काय हवं! त्यातून समज रुजला, की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं पिस्तूल म्हणजे ल्युगर.

खरं तर ते आधीच्या पिढीचं. जर्मन नौदलाने ते १९०४मध्ये घेतलं, भूदलाने १९०८मध्ये. म्हणून नाव पी-०८. पहिलं महायुद्ध त्याचं. पण सुटे भाग बारकाईने कातून जुळवावे लागत, त्यामुळे ते महाग आणि वेळखाऊ. म्हणून १९३८मध्ये सैन्याने वॉल्थर कंपनीचं पी-३८ निवडलं आणि १९४२च्या सुमारास माउझर कंपनीने सैन्यासाठी ल्युगर बनवणं थांबवलं. जुनी ल्युगरं शेवटपर्यंत वापरात राहिली, हेही खरं. पण बऱ्याच अधिकाऱ्यांकडे वॉल्थरचीच लहानखुरी पीपी, पीपीके पिस्तुलं असत. बेल्जियम ताब्यात आल्यावर तिथली ब्राउनिंग पिस्तुलंसुद्धा.

गंमत म्हणजे, ल्युगरसाठी घडवलेलं ९ मिलिमीटरचं काडतूस आजही जगभर चालतं. आपल्या पश्चिम बंगालमधल्या इछापूर शस्त्रकारखान्याचं ९ मिमी पिस्तूलही तेच झाडतं.